पाहुणचार की पहारा?

उन्हाळा संपता संपता कोकणात जाऊ नये, असे शहाणी माणसे सांगतात. हवेत वारा नसतो, अंगावरचा सदरा दिवसातून तीनदा पिळून काढावा लागतो, हापूस संपत आलेला असतो आणि मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी सगळ्या गाड्या भरलेल्या असतात. पण शाळामास्तराला शहाणपण परवडत नाही. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये पेपर, मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरातली लग्नकार्ये. उरतो तो मेचा शेवटचा आठवडा. तो पदरात घेऊन यंदा मी, माझी पत्नी, आमचा धाकटा आणि आई असे चौघे कोल्हापूरहून रत्नागिरीला गेलो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दहावी आणि त्यापुढे चित्रकलेची पदविका, एवढीच माझी विद्या. तत्त्वज्ञानाचे जाड ग्रंथ मी वाचलेले नाहीत. तेव्हा या लेखात एका नैतिक प्रश्नाची चर्चा आहे असे सांगितले, तर वाचकांनी घाबरून पान उलटू नये. तो प्रश्न मला ग्रंथात भेटला नाही. रत्नागिरीत, एका राजवाड्याच्या पायरीवर, माझ्या आईच्या तोंडून भेटला.

रत्नागिरी हे आमचे मूळचे गाव. खाडीच्या अलीकडे आमचे जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर आहे. पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर, चार माड आणि एक रतांब्याचे झाड. वडील गेल्यावर आई त्या घरात एकटीच राहत होती. तीन वर्षांपूर्वी श्रावणात विहिरीकडे जाताना शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. मनगटाचे हाड मोडले. दूध घालणारी मुलगी सकाळी आली तेव्हा आई परसात भिजत पडलेली होती. किती वेळ, ते तिने आजतागायत सांगितलेले नाही. मी त्याच दिवशी निघालो, चौथ्या दिवशी तिला कोल्हापूरला घेऊन आलो आणि घराला कुलूप लावून किल्ली माझ्या कपाटात ठेवली.

कोल्हापूरला आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. आईला स्वतंत्र खोली दिली. खोलीला गॅलरी आहे, गॅलरीतून रस्ता दिसतो. औषधे वेळेवर, जेवण वेळेवर, महिन्याकाठी डॉक्टर. आल्यागेल्याने म्हणावे, ‘नशीबवान आहात हो काकू, मुलगा किती करतो!’ आणि आईने मान डोलवावी. मीही मनातल्या मनात ती शाबासकी घेत असे. खोटे कशाला सांगू?

फक्त दर उन्हाळ्यात ती एकदा म्हणायची, ‘घराला जरा हात लावून येऊ या रे.’ दोन उन्हाळे मी ते टाळले. यंदा नेले, पण त्यात माझा एक हेतू होता. आमच्या घराशेजारच्या जागेत इमारत उठवणाऱ्या एका गृहस्थांनी घराला किंमत देऊ केली होती. मोठ्या मुलाच्या शिक्षणाला पैसा हवा होता. घर आता आईच्या नावावर, म्हणून सही तिची लागणार होती. साठेखताचा कच्चा मसुदा माझ्या बॅगेत तळाशी होता आणि योग्य वेळ पाहून मी तो बाहेर काढणार होतो.

आंबा घाट उतरू लागलो तशी आई बदलू लागली. एरवी गाडीत डोळे मिटून बसणारी बाई खिडकीशी सरसावून बसली. करवंदे विकणाऱ्या पोरींकडून तिने स्वतः घासाघीस करून दोन द्रोण घेतले. साखरपा गेले, पाली गेली, हातखंब्याला तर ती उभीच राहिली. ‘आजी, अजून अर्धा तास आहे,’ धाकटा म्हणाला. ‘असू दे रे,’ ती म्हणाली, ‘पाय आखडलेत.’

कुलूप गंजले होते. तेल घालून ते उघडले. त्यानंतर पुढले दोन दिवस मी आईला बसलेली पाहिली नाही. ज्यांनी कोकणातले हे दिवस पाहिले आहेत, त्यांना आगोट म्हणजे काय ते सांगायला नको. पाऊस लागला की चार महिने बाहेरचे काही मिळायचे नाही, असे धरून घरोघर बेगमी चाललेली असते. लाकूडफाटा आत येतो, कौले चाळून घेतात, अंगणाअंगणात आंब्याची साठे आणि फणसपोळ्या उन्हात पडलेल्या असतात. आईने शेजारच्या काकूंना हाक मारून रतांबे काढवले, फोडून साली वेगळ्या केल्या, मीठ घातलेल्या आगळात बुडवून त्या उन्हात पसरल्या. पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी पुटावर पुटे चढली की आमसूल होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची बोटे लालजांभळी झाली होती आणि त्या बोटांनी ती काकूंना कुठल्या गड्याने कौले नीट चाळली नाहीत ते दाखवत होती. मोडलेले मनगट तेच होते. कोल्हापुरात त्या हाताने तिला चहाचा कप जड होई.

हे सारे मी पाहत होतो, आणि बॅगेच्या तळाचा कागद मला मधूनमधून आठवत होता.

तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या हट्टाने आम्ही गाव पाहायला निघालो. मिरकरवाड्याच्या बंदरात पाय ठेवायला जागा नव्हती. यांत्रिक नौकांना 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. तेव्हा जाळी उतरवण्याची, नौका किनाऱ्याला घेण्याची एकच घाई उडाली होती. समुद्राचा रंग पालटला होता. हिवाळ्यात निळा दिसणारा तो समुद्र आता गढूळ, फुगलेला आणि काहीसा रागावल्यासारखा दिसत होता. तिथून आम्ही टेकडीवर थिबा राजाचा राजवाडा पाहायला गेलो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि त्याला पदच्युत केले, तेव्हा त्याला सत्ताविसावे वर्ष चालू होते. त्याला राणी सुपयालत आणि लहान मुलींसह बोटीत बसवून आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणले. रत्नागिरीच का? तर हे गाव आडबाजूला, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे सह्याद्री. इथून राजा कुठे जाणार? पुढे सरकारने त्याच्यासाठी हा वाडा बांधला. लाल चिऱ्याच्या भिंती, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्यांना सुरेख लाकूडकाम. 1910 मध्ये राजा तिथे राहायला आला आणि 1916 च्या डिसेंबरात तिथेच वारला. तीस वर्षांहून अधिक काळ तो रत्नागिरीत होता. मंडाले त्याने पुन्हा पाहिले नाही. रत्नागिरीतच त्याची समाधी आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीच्या दर्शनाला आले होते.

इंग्रजांची ही रीतच होती. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी 1858 मध्ये रंगूनला नेऊन ठेवले. 1862 मध्ये तो तिथे वारला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात! दोघांनाही अंधारकोठडीत कोंडले नव्हते. घर होते, नोकरचाकर होते, खर्चाला रक्कम होती. नव्हती ती एकच गोष्ट: ‘मी घरी जातो’ असे म्हणण्याची मुभा.

मी धाकट्याला हे सांगत होतो. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे खिडक्यांच्या कमानी त्याला कागदावर काढून दाखवत होतो. आई पायरीवर बसली होती. टेकडीवरून खाली खाडी दिसत होती आणि त्यापलीकडे समुद्र. माझ्या मनात एक गंमतीचा विचार आला: ब्रह्मदेश इथून पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. म्हणजे राजा समुद्राकडे बघत उभा राहिला असेल, तेव्हा त्याची पाठच त्याच्या देशाकडे असेल. मी तो विचार बोलून दाखवणार, इतक्यात आई म्हणाली,

‘वाडा बाकी छान बांधलाय हो. पण मला सांग, राजा ह्यात दिवसभर करायचा काय?’

‘बघत बसायचा, आजी,’ धाकटा म्हणाला. ‘समुद्राकडे.’

‘मी बसते तशी? तुमच्या गॅलरीत?’

ती हसून म्हणाली. टोमणा मारण्याचा तिचा स्वभाव नाही. मारायचा असता तर तिने तो तीन वर्षांपूर्वीच मारला असता. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी हातातली कमान पुरी केली, पण ती वाकडी आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओटीवर अंथरूण टाकून पडलो होतो. वारा पडला होता. मी स्वतःशी वाद घालू लागलो. म्हटले, छे! ही तुलनाच मुळात खोटी आहे. इंग्रजाने राजाला आणले ते त्याचे राज्य गिळण्यासाठी. मी आईला नेले ते तिचा जीव वाचवण्यासाठी. तिथे स्वार्थ होता, इथे माया आहे. तिथे पहारा होता, इथे पाहुणचार आहे. हे सारे खरे होते. पण पलंगावर ढेकूण असावा तसा एक प्रश्न मला टोचत राहिला. जिला ठेवले आहे, तिच्या बाजूने पाहिले तर या दोहोंत दिसणारा फरक कोणता? तिला खोली आहे, जेवण आहे, औषध आहे आणि घरी जायचे तर दुसऱ्याची परवानगी लागते. राजाला खर्चासाठी सरकारकडे अर्ज करावे लागत. माझी आई दर उन्हाळ्यात एक तोंडी अर्ज करीत होती आणि मी दोनदा तो दप्तरी दाखल केला होता.

दुसऱ्याचे भले करण्याचा आपला अधिकार कुठवर पोचतो? लहान मूल विस्तवाकडे धावले तर आपण त्याला विचारत बसत नाही, उचलतो. ताप डोक्यात गेलेल्या माणसाला औषध घेतोस का म्हणून कौल लावत नाही. पण ज्याची बुद्धी शाबूत आहे, ज्याने सत्तर-पंच्याहत्तर पावसाळे पाहिले आहेत, त्याच्या आयुष्याचा हिशेब त्याला वगळून मांडायचा, हा कोणता न्याय? त्याच्या सुरक्षिततेचा हवाला आपण देतो. सुरक्षितता ही चांगली गोष्ट आहे यात शंका नाही. पण ती जगण्यासाठी असते. जगणे तिच्यासाठी नसते. काचेच्या कपाटातला कप फुटत नाही हे खरे, पण त्यातून कोणी चहाही पीत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री दिसली. याच रत्नागिरी जिल्ह्यात 1924 ते 1937 पर्यंत सावरकरांना स्थानबद्ध केले होते; जिल्ह्याची हद्द ओलांडायची त्यांना मनाई होती. राजाला जी शिक्षा, जवळपास तीच त्यांना. पण त्यांच्यापुढे काम होते. सहभोजने झाली, सर्वांसाठी खुले असे पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीरांनी 1931 मध्ये इथे उभे केले. त्यांच्या इतर मतांविषयी कोणी काही म्हणो, ती वर्षे रिकामी गेली नाहीत एवढे खरे. राजापुढे मात्र काम नव्हते. बंदिवासाचे खरे दुःख भिंतीत असते की रिकामेपणात? मला वाटते, आपली कोणाला गरज उरली नाही, हे ज्याला रोज सकाळी उठून कळते, त्याला भिंतींची जरुरीच नसते. आईच्या लालजांभळ्या बोटांनी दोन दिवस मला हेच सांगितले होते. मला ते ऐकू आले नव्हते.

आणि गंमत अशी की, गाव तेच असते. राजा वारल्यावर काही वर्षांनी राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परत गेली. पण थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. तिचे माणूस इथे होते. तिची मुलगी इथल्याच लोकांत वाढली, मराठी बोलली, इथेच म्हातारी झाली. बापाला जे गाव तुरुंग, ते लेकीला माहेर की सासर, काय म्हणायचे ते म्हणा, घर खास. तेव्हा तुरुंग किंवा घर ही जागेची नावेच नव्हेत. जिथे माणूस आपल्या पायाने येतो आणि जिथून आपल्या पायाने निघू शकतो, ते घर.

इथवर विचार येऊन पोचला तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला. कादंबरीकाराची हीच खोड: एखादा चांगला विचार सुचला की काम झालेच असे त्याला वाटते. काम आतल्या पडवीत झोपले होते. नव्हे, तेही जागे होते. कारण कंदिलाची वात मोठी झालेली दिसली. वीज गेली होती आणि आई पडवीत आणून ठेवलेली आमसुले सूप हलवून खालीवर करीत होती.

मी जाऊन बसलो. म्हटले, ‘आई, तुला इथेच राहायचं आहे का?’

‘इतक्या रात्री हे काय काढलंस?’

‘सांग तर.’

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी काय वेडी आहे का? पावसात एकटी राहायला मलाही भीती वाटते. त्या दिवशी परसात पडले होते तेव्हा वाटलं, आता कोणी येत नाही.’

मी गप्प झालो. माझा सगळा युक्तिवाद जमीनदोस्त झाला होता. मी तिला मुक्त करायला निघालो होतो आणि तिला मुक्ती नको होती. म्हणजे रात्रभर मी पुन्हा तेच केले होते. तिला न विचारता तिच्या मनात काय आहे ते मीच ठरवले होते.

‘मग काय हवंय तुला?’ मी विचारले.

‘किल्ली,’ ती म्हणाली. ‘तुझ्या कपाटात असते. मला मागावी लागते. ती माझ्याजवळ असू दे.’

‘एवढंच?’

‘एवढंच कसं? पावसाळ्यात मी तुझ्याकडे. दसरा झाला की मला इथे आणून सोड. आगोट करून मी परत येईन. पायरीला कठडा घालून घे. रात्रीची सोबत मी बघते. काकूंची नात येईल निजायला.’

तिने सारे ठरवूनच ठेवले होते. बहुधा गॅलरीत बसून.

‘आणि पुन्हा पडलीस तर?’

‘पडले तर पडले. तुझ्या जिन्यात माणूस पडत नाही का?’ मग सूप खाली ठेवून तिने जे म्हटले, ते मी अजून विसरलो नाही. ‘मी पडेन ह्याची तुला भीती आहे, ते कळतं मला. पण त्यातली थोडी, लोक काय म्हणतील ह्याची आहे.’

मी नाही म्हणू शकलो नाही. आपल्या मायेत आपल्या नावलौकिकाची किती भेसळ असते, हे सोन्याच्या कसोटीवर घासून पाहण्याची पाळी सहसा येत नाही. ‘म्हातारीला एकटी टाकली’ असे कोणी म्हणू नये, म्हणूनही मी तिला जवळ ठेवले होते. थोडीच भेसळ, पण होती.

मसुदा मी जसा नेला तसा परत आणला. मोठ्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले आहे आणि त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला मला माझ्या तत्त्वज्ञानाची किंमत सांगून जातो. त्या गृहस्थांना नकार कळवला तेव्हा ते म्हणाले, ‘भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, मास्तर.’ ते चुकीचे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हिशेबात ते बरोबर होते. मी हे योग्य केले की नाही, ते मला ठाऊक नाही. ज्या दिवशी काही विपरीत घडेल, त्या दिवशी हा लेख मला वाचवणार नाही, हेही मी जाणून आहे. पण इतके कळते की, चुकले तर ते आता आम्हा दोघांचे चुकेल. यापूर्वी बरोबर होते तेव्हाही ते माझ्या एकट्याचे बरोबर होते.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी या दिवाळीत असे एखादे वडीलधारे माणूस असेल. त्यांना त्यांच्या गावी नेऊन सोडा, असे मी म्हणत नाही. कोणाचे गाव उरलेले नसेल, कोणाची प्रकृती तशी नसेल, कोणाला तिथे परत जावेसेही वाटत नसेल. मी इतकेच म्हणतो की, फराळाचे ताट पुढे ठेवताना एकदा विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. थांबणे फार कठीण जाते. मला तीन वर्षे लागली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला रत्नागिरीला सोडून आलो. पायरीला कठडा बसला आहे. तो तिला पसंत नाही, पण हात मात्र त्यावर असतो. रात्री फोन वाजला की माझे काळीज अजून लकाकते. काल वाजला तेव्हाही तसेच झाले. पण तिला फक्त आमच्या सौभाग्यवतींना विचारायचे होते की चकलीच्या भाजणीत यंदा धणे किती घातलेस, आणि भाऊबीजेला तुम्ही सगळे नक्की येताय ना?

जाणार आहोत. किल्ली तिच्याजवळ आहे. तेव्हा जन्मात पहिल्यांदाच मला त्या घराची कडी वाजवून दार उघडण्याची वाट पाहत उभे राहावे लागेल.